तेराच्या तारा

मरोळ गावठाणातून अंधेरी स्टेशनपर्यंत बहीणभाऊ एकाच रिक्षातून आले खरे, पण दोघांच्या मधे गिटार होती म्हणून. ती नसती तर त्यांनी दोन रिक्षा केल्या असत्या. गिटार जंबो, म्हणजे नेहमीच्या गिटारीपेक्षा चांगली रुंद आणि ढेरपोटी. तिची काळी पेटी उभी धरली तरी अर्धी सीट खायची. ल्युसी पेटीला मिठी मारून एका कोपऱ्यात बसली होती आणि युस्टेस दुसऱ्या कोपऱ्यात, एक पाय जवळजवळ रस्त्यावर.

"पेटी जरा तुझ्याकडे ओढ ना, बाय," चकाल्याच्या सिग्नलला तो म्हणाला.

"माझ्याकडेच आहे. तू रुंद झालायस."

"मी येणारच नव्हतो. तुझ्यावर विश्वास असता तर आलो नसतो."

"मग उतर. चालत जा."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

गिटार त्यांच्या वडिलांची. पपा विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, पण गावठाणात त्यांना ओळखायचे ते गिटारीमुळे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी गावच्या विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. बाकीची घरं त्यासाठी बॅन्ड बोलवतात. यांच्या घरात मात्र पपा गळ्यात जंबो अडकवून पुढे चालायचे, मागे दादूअंकल क्लॅरिनेट घेऊन, आणि त्यांच्या मागे लुगडी नेसलेल्या बायका गात गात. पपांच्या मागून गिटार ल्युसीकडे आली. तीच त्यांच्याकडून शिकली होती. युस्टेसला लहानपणी शिकवायला बसवलं तर तो खिडकीतून पळून जायचा.

आता युस्टेसच्या मुलीचं, जेनिसचं लग्न होतं. आणि युस्टेसने जेवणाच्या टेबलावर सगळ्या नातेवाइकांसमोर सांगून टाकलं होतं, की यंदा गिटार नेव्हिल वाजवणार. नेव्हिल म्हणजे त्याच्या बायकोचा, जॅकलिनचा भाऊ. वांद्र्याच्या हॉटेलांत गातो, पांढरे बूट घालतो, आणि गाणं संपलं की स्वतःच आधी टाळ्या वाजवतो.

ल्युसीला त्या लग्नात दुसरं काही नको होतं. साडी नको, पहिल्या रांगेतली खुर्ची नको. जेनिस तिच्या मांडीवर वाढली होती. तिच्या पाण्याला पुढे गिटार घेऊन चालायचं, एवढं एकच तिला हवं होतं. नेमकं तेच काढून नेव्हिलच्या हातात दिलं होतं, आणि वर तिनेच गिटार तयार करून द्यायची होती.

कारण काय, तर तारा. तारांच्या सेटला आकडा असतो, तो जाडीचा. दहाचा सेट बारीक, बोटांना हलका. तेराचा जाड, दाबताना बोटांची सालं काढणारा, पण आवाज छातीत जाऊन बसतो. पपा कायम तेराच्याच लावायचे. साठी उलटल्यावर ल्युसीच्या बोटांचे सांधे सुजायला लागले, तेव्हापासून तिने दहाच्या लावल्या होत्या. मागच्या लग्नात त्यामुळे गिटार दादूअंकलच्या क्लॅरिनेटखाली पार बुडून गेली. युस्टेस तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "पपांची गिटार आहे की मच्छर?" लोक हसले होते. ल्युसीने ते हसणारे सगळे चेहरे लक्षात ठेवले होते.

पण मूळ भांडण त्याच्याही आधीचं. पपांनी जाताना तिला सांगितलं होतं, मला खाली सोडताना तू वाजव. ती गिटार घेऊन सिमेटरीत गेली होती. आणि कबरीच्या काठावर, फादरांच्या देखत, युस्टेसने तिच्या हातातून गिटार काढून घेतली होती. "हा तमाशा इथे नको." एवढंच बोलला. पपा मुक्यानेच खाली गेले. त्यानंतर कित्येक वर्षं ती तळमजल्यावर आणि तो वरच्या मजल्यावर, एका घरात, एका मीटरवर राहत होते आणि कामापुरतं बोलत होते. त्याने एकदा जरी जिना उतरून माफी मागितली असती तर तिने सगळं सोडून दिलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. ते खरं होतं की नाही हे तपासायची वेळ त्याने कधी आणली नाही.

स्टेशनसमोरच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दुकान होतं. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, काउंटरच्या काचेखाली तारांची पाकिटं. काउंटरवरच्या तिशीतल्या माणसाच्या शर्टावर सुशांत अशी पट्टी होती.

"तेराचा सेट दे," युस्टेस दम लागलेला असतानाच म्हणाला. "हेवी."

"दहाचा," ल्युसी म्हणाली.

सुशांतने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "वाजवणार कोण?"

"हिचा काही संबंध नाही," युस्टेस म्हणाला.

"संबंध नाही? आजपर्यंत पुसली कोणी ही गिटार? तुझ्या बायकोने?"

"पुसलीस ना? थँक्यू. आता तारा तेराच्या. जंबोचं एवढं मोठं पोट कशाला असतं मग? दहाच्या लावायच्या तर लहान मुलांची गिटार घ्यायची."

"याला विचारा जरा," ल्युसी सुशांतला म्हणाली, "याला सा कुठे आणि प कुठे ते तरी कळतं का. चर्चमध्ये नुसतं तोंड हलवतो हा."

"बारा घ्या ना," सुशांत समजुतीच्या सुरात म्हणाला. "मधलं काढू. बोटांना पण ठीक, आवाज पण मस्त."

"नको," दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

तेवढ्यात युस्टेसचा फोन वाजला. केटरर होता, विंदालूच्या डुकराचा काहीतरी घोळ घालून बसला होता. युस्टेस आवाज चढवत जिन्यात गेला. जाताजाता बोट रोखून म्हणाला, "तेराच. पाकीट मी बघणार आहे."

सुशांतने गिटार पेटीतून काढली, काउंटरवर आडवी ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. मग त्याचा हात थांबला. तारा जिथे गिटारीच्या पोटावर अडकवतात ती लाकडी पट्टी, ब्रिज, त्याच्यामागे लाकूड फुगून वर आलं होतं. त्याने खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि ब्रिजच्या मागच्या कडेला टेकवलं. कार्ड आत सरकलं. नखभर नाही, चांगलं बोटभर.

"मावशी, हा ब्रिज सुटत चाललाय," तो हळू आवाजात म्हणाला. "जुना गोंद गेलाय. तुम्ही दहाच्या लावल्या म्हणून आजवर टिकला. तेराची ओढ खूप असते. फुल सुरात चढवल्या तर उखडणार. पोटाचं लाकूड घेऊन उखडणार."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. आठवडा जाईल, नाहीतर वाजवता वाजवता पण जाईल. माझं ऐका, इथे ठेवून जा. ब्रिज काढून नीट चिकटवून देतो. दोन आठवडे लागतील."

लग्न याच रविवारी होतं. पाणी शनिवारी.

ल्युसीने जिन्याकडे बघितलं. युस्टेसचा आवाज येत होता, केटररची आयमाय काढत होता. तिच्या डोळ्यांपुढे विहीर आली, नेव्हिल आला, त्याचे पांढरे बूट आले. नेव्हिल डोळे मिटून, मान हलवत वाजवतोय, आणि फाडकन ब्रिज उखडून त्याच्या हातात येतोय. सगळं गावठाण बघतंय. जॅकलिनचं तोंड उघडं पडलंय. आणि युस्टेस उभा आहे, तेराच्या तारा मागून घेतलेला युस्टेस.

तिच्या पोटात इतकं गोड वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. गिटार पपांची होती. तिच्या काखेत, मांडीवर, गळ्यात आयुष्यभर होती. पण कबरीच्या काठावरून ओढून घेतली गेली तीही हीच. नेव्हिलच्या गळ्यात लटकण्यापेक्षा फुटू दे, तिच्या मनात आलं. आलेला विचार तिने हाकलला नाही.

"तेराचाच दे," ती म्हणाली.

"मावशी, मी काय सांगितलं ते..."

"ऐकलं मी. आणि हे कार्डाचं त्याला सांगायचं नाही. गिटार माझ्या घरातली आहे, मी बघेन काय ते."

सुशांतने खांदे उडवले आणि पाकीट काढून दिलं. युस्टेस वर आला, पाकिटावरचा आकडा बघितला, आणि विजयी चेहऱ्याने म्हणाला, "बघ. सरळ सांगितलं की कळतं तुला."

"कळतं ना," ल्युसी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खाटेवर बसून जुन्या तारा काढल्या आणि नव्या लावल्या. खुंट्या पिळताना मनगट भरून आलं. जॅकलिन दारात येऊन उभी राहिली, हातात फुग्यांच्या, म्हणजे लग्नात तळतात त्या गोल पावांच्या पिठाचं टोपलं.

"लावल्यास का गं बाई? नेव्हिल विचारत होता."

"लावल्या. नेव्हिलला सांग बोटं शेकून ठेव म्हणावं."

"तो रोज वाजवतो. त्याला सवय आहे," जॅकलिन म्हणाली आणि जिना चढून गेली.

मग ल्युसीने एकदाच सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. खोलीतली कपाटाची काच थरथरली. पपांचाच आवाज होता, तोच खोल, छातीतला. इतक्या वर्षांत तो घरात आला नव्हता. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. पपा वाजवून झालं की प्रत्येक तार थोडी सैल करून ठेवायचे. तिने एकही सैल केली नाही. गिटार तशीच ताणलेली भिंतीला टेकवून ठेवली.

शनिवारी जेवणं आटोपली आणि जेनिस खाली आली. केस ओले होते, अंगावर घरातला गाऊन होता आणि डोळे रडून लाल झाले होते.

"आतू, तयार हो. तू वाजवणारेस."

"नेव्हिलमामा?"

"नाही येत तो. मी फोन करून सांगितलं, नको येऊस." ती धपकन खाटेवर बसली. "चार दिवस झाले पप्पाशी भांडतेय मी. त्याला सांगितलं, आतू पुढे नसेल तर मी पाण्याला जाणारच नाही. अशीच पारोशी जाईन चर्चमध्ये. मम्मी तर बोलतच नाहीये माझ्याशी. पप्पा सकाळी हो म्हणाला. तोंड एवढं करून, पण म्हणाला."

ल्युसीने मनात दिवस मोजले. चार दिवस म्हणजे रिक्षातून गेले त्या दिवशीसुद्धा वर हे भांडण चालू होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

"काय झालं? खूश नाही झालीस?" जेनिसने विचारलं.

"झाले ना," ल्युसी म्हणाली. "जा, केस वाळव आधी."

जेनिस गेली आणि ल्युसीने दाराला कडी लावली. टेबलावरचं लग्नाचं आमंत्रण उचललं, त्याचा कोपरा ब्रिजखाली घातला. तो इतका आत गेला की तिने घाबरून बाहेर ओढला. कपाटात दहाच्या जुन्या तारा गुंडाळून ठेवलेल्या होत्या. बदलायला अर्धा तास पुरला असता, आणि वेळ होता. पण बदलल्या तर युस्टेसला पहिल्या सुरात कळणार. का बदलल्या म्हणून विचारणार. ब्रिज सुटलाय म्हटलं तर, कधीपासून माहीत होतं? माहीत होतं तर माझ्या मुलीच्या लग्नाला तेराच्या का घेतल्यास? नेव्हिलसाठी? तो मूर्ख होता, पण तेवढं त्याला नक्की कळलं असतं. जेनिसलाही कळलं असतं.

तिने कपाट बंद केलं. सगळ्या तारा दोन-दोन पिळांनी सैल केल्या, आवाज खाली आला. एवढ्यावर निभेल, तिने स्वतःला सांगितलं. विहीर काही लांब नाही.

ऊन उतरल्यावर सगळे अंगणात जमले. बायकांनी लाल लुगडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. डोक्यावरून मेट्रो जात होती, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ल्युसीने गिटारीचा पट्टा गळ्यात घातला. दादूअंकलने क्लॅरिनेट फुंकलं, ल्युसीने कॉर्ड धरली, आणि दोघांचे सूर एकमेकांवर आपटले.

"गिटार उतरलेय गं," दादूअंकल म्हणाले. ऐंशीच्या घरात होते, पण कान शाबूत होते. "वर घे. मी क्लॅरिनेट कुठे खाली आणू?"

"असंच चालेल, अंकल. बायका खालच्याच सुरात गातात."

"कसं चालेल? मला वाजवताच नाही येणार."

युस्टेस गर्दीतून पुढे आला. नवा सूट, कपाळावर घाम, आणि मुलीपुढे हार खावी लागल्याचा राग अजून चेहऱ्यावर. "झालं का सुरू तुझं? नवीन तारा आणल्या तरी रडकाच आवाज? खुंट्या पीळ, बाय. नसेल बोटांत जोर तर आत्ताच सांग, नेव्हिलला अजून बोलवता येईल."

मागे कोणीतरी हसलं.

ल्युसीच्या तोंडाशी शब्द आले होते. ब्रिज सुटलाय, चढवता येणार नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिला कबरीच्या काठावरचा तोच चेहरा दिसला.

"पिळते," ती म्हणाली. आणि तिने सहाही तारा पूर्ण सुरात चढवल्या.

विहिरीपर्यंत ती जशी वाजवत गेली तशी तिने आयुष्यात कधी वाजवली नव्हती. आवाज गल्लीच्या दोन्ही भिंतींवर आदळत होता. टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघत होते. बोटांत कळा येत होत्या, डोळ्यांत पाणी येत होतं. बायका गळा मोकळा सोडून गात होत्या, आणि म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या, बापावर गेली हो पोरगी. जेनिस तिच्या खांद्याला खांदा लावून चालत होती. हेच तिला हवं होतं, आणि तिला त्यातलं काही धड मिळत नव्हतं, कारण तिचे दोन्ही कान ब्रिजकडे लागले होते. दर ठोक्याला तिला वाटत होतं, आता.

विहिरीवरची लोखंडी जाळी उघडली. जेनिसने कळशी दोराला बांधून आत सोडली. कळशी भरली, वर यायला लागली, बायकांनी गाण्याचा शेवटचा चढ घेतला.

आधी बारीक कर्रर्र झालं, मग गोळी सुटावी तसा आवाज आला. ब्रिज पोटाच्या लाकडाचा तुकडा सोबत घेऊन निघाला आणि तारांसकट ल्युसीच्या मनगटावर आदळला. मनगटावर रक्त आलं. गिटारीच्या पोटाला मोठं भगदाड पडलं होतं. गाणं थांबलं, क्लॅरिनेट थांबलं. जेनिसच्या हातातला दोर सुटला आणि कळशी पुन्हा खाली गेली.

"अवलक्षण गं बाई," कोणीतरी म्हातारी पुटपुटली. जेनिस तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

ल्युसी हलली नाही. गिटार गळ्यात होती, पण तारा सैल लोंबत होत्या. युस्टेस गर्दी सारून येताना तिला दिसला आणि तिने अंग ताठ केलं. ओरडेल तर ओरडू दे, मग मीही सगळं सांगून टाकेन, सगळ्यांसमोर.

युस्टेस ओरडला नाही. त्याने त्या भगदाडात बघितलं, आतलं पांढरं लाकूड बघितलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचं तसं.

"मी केलं हे," तो म्हणाला. मग वळून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोणी बायला काही बोलू नका. ती दुकानात नको म्हणत होती. दहाच्याच घे म्हणत होती. मीच हट्ट धरला तेराचा. आत्तासुद्धा ती नाही म्हणत होती, मीच पिळायला लावलं."

त्याने नव्या सुटातला रुमाल काढून तिच्या मनगटाला गुंडाळला. गाठ बसत नव्हती.

"पपांच्या मयतीला पण मीच," तो खाली मान घालून म्हणाला, आता फक्त तिला. "तुझ्या हातातून काढून घेतली. तेव्हापासून रोज जिन्यात थांबतो मी. खाली यायला होत नाही. मला माफ कर, बाय."

इतकी वर्षं ती याच शब्दांची वाट बघत होती. ते तिच्यासमोर उभे होते, सगळ्या गावठाणाच्या देखत, आणि त्यांतला एकही तिच्या वाट्याचा नव्हता. एक वाक्य बोललं की त्याच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. जेनिस डोळे पुसत तिच्याचकडे बघत होती. दादूअंकल बघत होते, म्हाताऱ्या बघत होत्या. हसणाऱ्यांपैकी आता कोणी हसत नव्हतं.

"तुला सांगत होते ना मी," ल्युसी म्हणाली.

"हो," युस्टेस म्हणाला. "सांगत होतीस."